मोतीबिंदू: सुईपासून भिंगापर्यंत

डोळ्यातले नैसर्गिक भिंग जन्मभर एकच असते. त्यातली प्रथिने बदलली जात नाहीत. वयाबरोबर ती एकमेकांना चिकटतात आणि भिंग गढूळ होते, हाच मोतीबिंदू. ऊन, तंबाखू, मधुमेह यांनी तो लवकर येतो, पण आलेला मोतीबिंदू विरघळवणारे औषध आजही नाही. त्यामुळे त्याच्या उपचारांचा इतिहास म्हणजे शस्त्रक्रियेचाच इतिहास.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकारावरची क्रिया बारकाईने सांगितली आहे. रुग्णाला बसवून स्वतःच्या नाकाकडे पाहायला लावायचे. डावा डोळा असेल तर वैद्याने उजवा हात वापरायचा, उजवा असेल तर डावा. जवासारख्या टोकाच्या शलाकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागात वेध घ्यायचा. नंतर तुपाची पट्टी बांधून रुग्णाने उताणे पडून राहायचे; शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे वर्ज्य. या पथ्यांमागे प्रत्यक्ष अनुभव दिसतो, कारण नुकत्याच टोचलेल्या डोळ्याला शिंकेचा धक्काही घातक.

पुढे भारतात रूढ झालेल्या पद्धतीत भिंग काढत नसत, सुईने खाली ढकलून देत. रुग्णाला लगेच उजेड दिसे, फिरता वैद्य बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई, आणि डोळा सुजून कायमचा जाई तो नंतर. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा निकामी डोळ्यांचा अभ्यास करून 1918 मध्ये ग्रंथ लिहिला. युरोपातही हेच चाले. संगीतकार बाख यांच्यावर 1750 मध्ये जॉन टेलर यांनी अशी शस्त्रक्रिया केली; बाख यांची दृष्टी गेली आणि काही महिन्यांत ते वारले.

भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी 1747 मध्ये सुरू केली. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798–1832) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांची टिपणे आजही उपलब्ध आहेत. त्यांत रुग्णाची तक्रार, केलेला उपचार आणि डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. रोगी पाहून त्याची नोंद ठेवण्याची ही शिस्त त्या काळात फार मोलाची होती.

1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि वेदना टळल्या. तरी काढलेल्या भिंगाची जागा रिकामीच राही. म्हाताऱ्या माणसांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा येई. डॉ. एम. सी. मोदी यांच्या नेत्रशिबिरांतून खेड्यापाड्यांतल्या असंख्य वृद्धांना दृष्टी मिळाली, तीही अशाच चष्म्यासह.

ही उणीव लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी भरून काढली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे शरीर सहन करते, हे त्यांनी पाहिले होते. त्याच प्रकारच्या प्लास्टिकचे भिंग त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. समव्यावसायिकांचा त्यांना कडवा विरोध झाला. 1967 मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याचे तंत्र आणले. मात्र कृत्रिम भिंग भारतातल्या गरिबांच्या आवाक्यात आले ते 1992 मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबने ते येथेच बनवायला घेतल्यावर.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचा सल्ला जुन्या पद्धतींच्या काळातला. केलमन यांच्या तंत्रात उलट आहे: फार पिकलेले भिंग कडक होते व फोडायला अवघड जाते. म्हणून वाचन, स्वयंपाक, जिना उतरणे अशा रोजच्या कामांत अडचण येऊ लागली, की शस्त्रक्रिया सुचवली जाते.