ऑर्कांच्या गढ्या : एका कल्पित जमातीच्या रीतिरिवाजांचा इतिहास

विसाव्या शतकातील इंग्रजी अद्भुतकथांनी जे कल्पित वंश निर्माण केले, त्यांपैकी ‘ऑर्क’ हा वंश दीर्घकाळ केवळ शत्रुसैन्य म्हणून वावरला. धिप्पाड देह, ओठांबाहेर आलेले सुळे आणि लढाईची हाव एवढीच त्याची ओळख होती. ज्याला घर नाही, सोयरिक नाही आणि मर्तिकही नाही अशा वंशाला संस्कृती असावी, अशी गरज लेखकांना क्वचितच भासली. ही स्थिती पालटली ती ऑर्कांना स्वतःची, परक्यांना बंद असलेली वस्ती मिळाल्यावर. तटाच्या आत राहणाऱ्या समाजाला वारसा कोणाकडे जातो, मुली कोठे द्यायच्या, गुन्ह्याची भरपाई कशी करायची आणि म्हातारपणी मरण कसे यावे, हे ठरवावेच लागते. या प्रश्नांची अत्यंत तपशीलवार उत्तरे ‘द एल्डर स्क्रोल्स’ या १९९४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन संगणक-खेळमालिकेत सापडतात, आणि त्यांचा विचार केल्याशिवाय ऑर्कांचा एकलकोंडेपणा हा स्वभाव आहे की इतिहासाचा परिणाम, हे उमगत नाही.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या लेखनात या बदलाचे बीज दिसते, पण ते रुजलेले नाही. ‘द हॉबिट’ (१९३७) मध्ये बोल्ग हा अझोगचा मुलगा म्हणून उल्लेखिला आहे, म्हणजे ऑर्कांमध्ये बापलेकांचे नाते आणि वंशाची आठवण आहे; आणि १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टू टॉवर्स’च्या अखेरीस शाग्रट आणि गोर्बाग हे दोन ऑर्क नायक युद्ध संपल्यावर मोजके भरवशाचे सोबती घेऊन, कोणत्याही बड्या धन्याशिवाय, कोठेतरी दूर आपला तळ ठोकण्याचे मनसुबे रचतात. अवघ्या काही ओळींचा हा संवाद फार मोलाचा आहे, कारण ज्यांना लेखकाने गुलामी आणि क्रौर्य याखेरीज काही दिले नाही, त्यांच्याच तोंडी येथे स्वतंत्र वस्तीची इच्छा आली आहे. पुढे ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या मरणोत्तर ग्रंथात ऑर्क हे छळून भ्रष्ट केलेल्या ‘एल्फ’ या दीर्घायुषी, देखण्या वंशातून निपजले असे सांगितले गेले, तरी टॉल्किन या उत्पत्तीबाबत अखेरपर्यंत समाधानी नव्हते. शिवाय १९५८ मधील एका पत्रात त्यांनी ऑर्कांच्या चेहऱ्याचे वर्णन आशियातील मंगोल वंशाच्या विकृत रूपाशी जोडले होते. हा डाग झाकण्यासारखा नाही. ऑर्कांना माणूसपण देण्याचे नंतरचे सारे प्रयत्न त्या वर्णनाची भरपाई म्हणूनही वाचता येतात.

१९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने ऑर्कांना घरोघरी पोहोचवले, पण आरंभी ते तेथेही मारण्याजोगे शत्रूच होते. १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात रॉजर मूर यांनी ऑर्कांच्या देवतांविषयी जी कथा मांडली, तिच्यात मात्र प्रथमच गाऱ्हाणे आले. सृष्टीच्या आरंभी देवांनी आपापल्या लेकरांसाठी भूमी वाटून घेतली, डोंगर, अरण्ये आणि मैदाने इतरांच्या वाट्याला गेली, आणि ऑर्कांचा देव ग्रूम्श याच्या वाट्याला काहीच उरले नाही, असा तिचा आशय आहे. राग येथे आहे, हक्काचे ठिकाण मात्र नाही.

ते ठिकाण ‘एल्डर स्क्रोल्स’ने दिले, तेही एकदम नव्हे. १९९४ च्या पहिल्या खेळात ऑर्क केवळ राक्षसी शत्रू आहेत, १९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्ये गॉर्टवॉग नावाचा ऑर्क सरदार ऑर्सिनियम या नगरराज्याला मान्यता मिळावी म्हणून राजकारण करतो, आणि २००२ च्या ‘मॉरोविंड’पासून खेळणाऱ्याला स्वतः ऑर्क होऊन वावरता येऊ लागले. याच काळात त्यांना पुराणही लाभले. ऑर्क हे मूळचे एल्फच असून ट्रिनिमॅक या वीरदेवतेचे अनुयायी होते. बोएथाया या दुसऱ्या दैवी शक्तीने ट्रिनिमॅकला गिळले, तो विटाळून मॅलकाथ या रूपाने बाहेर पडला, आणि त्याच्याबरोबर त्याचे भक्तही बदलले. मॅलकाथ हा शपथांचा, बहिष्कृतांचा आणि रक्ताच्या शापाचा देव मानला जातो. टॉल्किन यांच्या कथेतील भ्रष्टतेचे सूत्र येथे उचलले आहे, पण त्याचा अर्थ पालटला आहे, कारण तेथे भ्रष्टता हा ऑर्कांवरचा कायमचा निवाडा होता आणि येथे ती ऑर्कांनी आपलीशी केलेली विटंबना आहे, जिच्याभोवती त्यांनी आचारसंहिता उभारली.

या कल्पित विश्वाच्या कालगणनेत पहिल्या युगाच्या ९५० व्या वर्षी डॅगरफॉल व सेंटिनेल ही राज्ये आणि डायग्ना हा योद्ध्यांचा पंथ यांनी मिळून ऑर्सिनियमला वेढा घातला आणि तीस वर्षांनी ते नगर उद्ध्वस्त केले. पुढे ते पुन्हा वसले, पुन्हा पडले. म्हणूनच ऑर्कांच्या इतिहासात राजधानी ही येणारी-जाणारी गोष्ट राहिली आणि डोंगरातील गढी हीच टिकाऊ संस्था ठरली.

२०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये अशा चार गढ्या आहेत : डुश्निख याल, मोर खाझगर, नारझुलबर आणि लार्गाशबर. लाकडी कुडाने वेढलेले अंगण, मधोमध नायकाचे, म्हणजे गढीच्या प्रमुखाचे, लांबट घर, बाजूला लोहारकामाची भट्टी, आणि बहुतेक ठिकाणी गढीला लागूनच खाण, अशी त्यांची मांडणी असते. मोर खाझगर आणि डुश्निख याल येथे ऑरिकॅल्कम हा हिरवट धातू, तर नारझुलबरजवळ एबनी हे काळे, मौल्यवान द्रव्य निघते. धातूवर पकड आणि शेजाऱ्यांवर अविश्वास, या दोन्ही गोष्टी मिळून गढीचे अर्थकारण घडते.

गढीतील व्यवहार ‘मॅलकाथची संहिता’ या अलिखित नियमांवर चालतो. ही संहिता वाचकाला कळते तीही खेळातच ठेवलेल्या एका पुस्तकातून, जे गढ्यांमध्ये वावरलेल्या एका भाडोत्री स्त्री योद्ध्याने लिहिले आहे, अशी कल्पना आहे. लग्न करण्याचा आणि मुले होऊ देण्याचा हक्क केवळ नायकाला असतो. गढीतील स्त्रिया नायकाच्या बायका, बहिणी किंवा मुली असतात, आणि बायकांची नावे त्यांच्या कामावरून पडलेली आहेत, जसे भट्टी सांभाळणारी, शिकार करणारी व ढाल घेऊन लढणारी. पूजाअर्चा आणि औषधोपचार पाहणारी ज्ञानी स्त्री मात्र बहुधा नायकाची आई असते. मुलगा बापाला आव्हान देऊन ठार मारू शकेल इतका बळकट झाला की तोच नायक होतो, आणि मुली दुसऱ्या गढीच्या नायकाला दिल्या जातात. म्हणजे सख्ख्या रक्तात सोयरिक होऊ नये याची व्यवस्था आहे आणि गढ्या एकमेकींशी नात्याने बांधल्याही जातात. बाहेरच्या जगाशी असलेला व्यवहार तुटला तरी गढ्यागढ्यांमधील हा बेटीव्यवहार तुटत नाही. त्याची किंमत मात्र स्त्रियांनाच मोजावी लागते. भट्टी, खाण आणि शिकार त्यांच्या हाती असूनही सत्ता नायकाच्या हाती राहते, आणि खेळाच्या रचनाकारांनी ही विषमता सौम्य करून दाखवलेली नाही, हे त्यांच्या श्रेयात धरले पाहिजे.

संहितेत तुरुंग नाही. चोरी, मारहाण किंवा विनाकारण हल्ला करणाऱ्याने ‘रक्तमोल’ द्यावे, म्हणजे वस्तूंच्या रूपाने भरपाई करावी किंवा पीडित व्यक्तीचे समाधान होईपर्यंत तिला आपले रक्त काढू द्यावे, असा दंडक आहे. परक्याला दारातच अडवले जाते; ऑर्क असलेल्याला मोकळा प्रवेश मिळतो, पण अन्य वंशाच्या माणसाने नायकाने सांगितलेले काम करून दाखवले, उदाहरणार्थ ‘फोर्जमास्टर्स फिंगर्स’ हे हातमोजे शोधून आणले, तर त्याला ‘रक्तबंधू’ ठरवून आत घेतात. बंद समाजातही दार उघडण्याची रीत ठरलेली असते, आणि ती कुळावर नव्हे, केलेल्या कामावर अवलंबून असते, ही या संस्कृतीतील सर्वांत विचारपूर्वक घडवलेली बाब आहे.

ज्यांना हे मानवत नाही ते बाहेर पडतात, आणि साम्राज्याच्या फौजेत शिपाई किंवा शस्त्रे घडवणारे लोहार म्हणून नाव काढतात. गढीत वाढलेल्यांपैकी म्हाताऱ्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. स्कायरिममध्ये रानात एक वृद्ध ऑर्क भेटतो, ज्याला नायक होण्याचे वय राहिले नाही आणि बायकामुलांचे रक्षण करण्याची चपळाईही उरली नाही. तो तेथे योग्य प्रतिस्पर्ध्याच्या हातून वीरमरण येण्याची वाट पाहत उभा असतो. संहिता बळाला किती मान देते हे जसे त्यातून कळते, तशीच बळ सरलेल्यांसाठी तिच्यात जागा नाही, हेही कळते.

लार्गाशबरची कथा या व्यवस्थेचा आतून घेतलेला हिशेब आहे. तेथील नायक यामार्झ दुबळा असल्याने मॅलकाथने गढीला शाप दिला आहे आणि महाकाय राक्षस तिच्यावर चालून येत आहेत. अखेरीस यामार्झ मारला जातो आणि देव गुलार्झोब या शिकाऱ्याला नायक नेमतो. नायकपदाचा निर्णय येथे मुलाच्या आव्हानाने होत नाही, तो देवाकडून होतो, आणि त्यामुळे संहितेच्या वारसाहक्कालाही अपवाद असल्याचे दिसते.

गढी उघडावी की बंद ठेवावी, हा वाद २०१५ च्या ‘ऑर्सिनियम’ या भागात उघडपणे आला. हा भाग कालगणनेत स्कायरिमच्या कितीतरी आधीचा आहे. राजा कुरोग गढ्यांच्या नायकांना एका नगरात एकत्र आणू पाहतो आणि मॅलकाथऐवजी ट्रिनिमॅकची उपासना पुढे करतो, म्हणजे विटाळापूर्वीच्या रूपाकडे परत जाण्याचे स्वप्न दाखवतो. पण त्यासाठी नायकांच्या हत्येपर्यंत मजल जाते, कुरोग मारला जातो, आणि जुन्या रीती जपणारा बाझ्राग गादीवर येतो. ते नगरही पुढे टिकले नाही. चौथ्या युगाच्या आरंभी शेजाऱ्यांच्या फौजांनी पुन्हा वसलेले ऑर्सिनियमही उद्ध्वस्त केले, तेथील अनेक ऑर्क स्कायरिम प्रांताच्या डोंगरांकडे वळले, आणि त्यांनी ज्यांचा आसरा घेतला त्या गढ्या कुडाच्या आतच राहिल्या.