दंतधावन

दात, हिरड्या व जीभ दररोज स्वच्छ करण्याची क्रिया. भारतीय परंपरेत ती सकाळच्या पहिल्या कृत्यांपैकी एक असून तिचा विचार वैद्यक व धर्मशास्त्र या दोहोंनी केला आहे.

तुरट, तिखट वा कडू चवीच्या काडीचे टोक चेचून तिने दिवसातून दोनदा दात घासावेत. मात्र दंतमांसास, म्हणजे हिरड्यांस, इजा होऊ देऊ नये, असे चरकसंहितेत सांगितले आहे. सुश्रुतसंहिता अधिक काटेकोर आहे. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ व बिनगाठीची असावी; कडू झाडांत निंब, तुरट झाडांत खैर, गोड झाडांत मोह आणि तिखट झाडांत करंज श्रेष्ठ होय. तोंड आले असता, तसेच घसा, टाळू व ओठ यांच्या विकारांत काडी वर्ज्य मानली आहे. बौद्ध विनयपिटकातही भिक्षूंना दातवणाची अनुज्ञा असून त्याची लांबी ठरवून दिली आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात राहिलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने या प्रथेचे तपशीलवार वर्णन केले. या सवयीमुळे भारतात दातदुखी क्वचितच आढळते, असे त्याचे मत होते. दातवणास चिनीत ‘वाळुंजाची काडी’ म्हणणाऱ्या भाषांतरकारांची चूकही तो दाखवून देतो. कारण हा वृक्ष भारतात सहसा आढळत नाही.

धर्मशास्त्रकारांनी प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या तसेच श्राद्ध व उपवासाचे दिवस या वेळी काडी निषिद्ध ठरविली. पण त्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा भरण्यास सांगितले. निषेध काडीचा होता, मुखशुद्धीचा नव्हे.

महाराष्ट्रात निंब, बाभूळ व करंज यांच्या काड्यांबरोबर गोवरीची राखुंडी, कोळशाची पूड व मीठ ही दंतमंजने रूढ होती. राखुंडी व कोळसा यांनी दात पांढरे दिसत असले, तरी त्यांतील खरखरीत कणांमुळे दातांवरील लुकण झिजते. यांहून घातक भर तंबाखूने घातली. पोर्तुगीजांमार्फत भारतात आलेली ही वनस्पती सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास प्रचारात होती. अकबराचा वकील असद बेग याने ती तेथूनच मोगल दरबारात नेली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू म्हणजे मशेरी (मिसरी). दातदुखी थांबते या समजुतीने ती दातांना व हिरड्यांना लावण्यात येऊ लागली. विडी ओढणे अशिष्ट मानणाऱ्या घरांतही स्त्रियांच्या मशेरीस कोणी हरकत घेतली नाही, कारण तिची गणना व्यसनात नव्हे, तर दात घासण्यात होत असे. भाषेतही हा भेद उतरला आहे : दात ‘घासतात’, मशेरी ‘लावतात’. ती बराच वेळ तोंडात राहते, निकोटीन श्लेष्मल त्वचेतून रक्तात जाते आणि सकाळची एक वेळ हळूहळू दिवसाच्या तीनचार वेळा होते.

कारखान्यात तयार झालेल्या दंतमंजनांचा प्रसार विसाव्या शतकात झाला. कोलगेट-पामोलिव्ह कंपनी भारतात १९३७ मध्ये स्थापन झाली. विको ही मुंबईची देशी संस्था १९५२ ची. ब्रश व पेस्ट प्रथम शहरांत रुळली. काडी, मंजन व ब्रश यांपैकी कशानेही नेमके काय साधते, हे हॅरल्ड ल्यू यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्‌हूस येथे केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविताच दोनतीन आठवड्यांत त्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा सूक्ष्मजंतूंचा थर रोजच्या रोज हलविणे हेच मुख्य कार्य असून साधन दुय्यम आहे.

केंद्र शासनाने १९९२ मध्ये टूथपेस्ट व दंतमंजने यांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. ही बंदी उत्पादकांपुरती होती. घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी तिच्या कक्षेबाहेर राहिली. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरीने सुमारे १०५ ग्रॅम कमी भरले.