कामांची मोजदाद : एका आज्ञावलीची गोष्ट

शाळेतील वर्गशिक्षिका आठवडाभर काय काम करतात, असे कोणी विचारले तर आपण चटकन 'शिकवतात' असे उत्तर देऊ. पण खुद्द बाईंनाच विचारा. यादी लांबतच जाईल : शिकवणे, वह्या तपासणे, हजेरी मांडणे, पोषण आहाराची नोंद ठेवणे, पालकांशी बोलणे, वरच्या कार्यालयासाठी तक्ते भरणे. नेमणुकीच्या कागदावरचे काम आणि प्रत्यक्षातले काम यांत अंतर असते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. हे अंतर मोजता येईल का? या प्रश्नातून संगणकाच्या इतिहासातले एक फारसे परिचित नसलेले, पण शिकण्याजोगे प्रकरण घडले.

प्रश्न कोणाला पडला?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलात तांत्रिक कामांचे प्रकार झपाट्याने वाढले. रडार दुरुस्त करणारे, भांडार सांभाळणारे, विमानाची तपासणी करणारे अशा असंख्य लोकांना प्रशिक्षण द्यायचे होते. पण अभ्यासक्रमात काय घालायचे? वरिष्ठांना विचारले तर ते स्वतःच्या उमेदवारीच्या काळातले काम सांगत. टेक्सासमधील लॅकलँड तळावरच्या संशोधनशाळेत रेमंड ख्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ वाट धरली. जो काम करतो त्यालाच विचारायचे, आणि एकदोघांना न विचारता शेकडो जणांना विचारायचे.

त्यासाठी एकेका व्यवसायातील बारीकसारीक कामांची लांबलचक यादी तयार होई. प्रत्येकाने आपण करतो त्या कामांवर खूण करायची आणि बाकीच्या कामांच्या तुलनेत त्याला किती वेळ जातो, ते अंकाने दाखवायचे. मिनिटे मागितली नव्हती. 'या कामाला किती मिनिटे लागतात?' याचे उत्तर देताना माणूस अडखळतो. 'त्यापेक्षा हे जास्त की कमी?' हे मात्र तो बऱ्यापैकी सांगू शकतो.

गणित तसे सोपे

आता आपल्या शाळेचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कामे चार : शिकवणे, वह्या तपासणे, तक्ते भरणे, खेळ घेणे. पहिल्या बाईंनी अनुक्रमे ५, ३, २, ० असे अंक दिले. बेरीज १०, म्हणून टक्केवारी ५०, ३०, २०, ०. दुसऱ्या सरांची टक्केवारी ४०, १०, ४०, १० आली, तर क्रीडाशिक्षकांची २०, ०, २०, ६०.

दोघांचे काम किती सारखे हे पाहण्यासाठी प्रत्येक कामातील लहान टक्केवारी घ्यायची आणि बेरीज करायची. बाई आणि सर : ४० + १० + २० + ० = ७०. बाई आणि क्रीडाशिक्षक : २० + ० + २० + ० = ४०. सर आणि क्रीडाशिक्षक : २० + ० + २० + १० = ५०. म्हणजे बाई आणि सर यांचा गट आधी जमेल, क्रीडाशिक्षक मागाहून त्यात येतील.

तीन माणसांसाठी तीन जोड्या पाहाव्या लागल्या. ४० माणसांसाठी ७८० जोड्या होतात आणि २००० माणसांसाठी १९,९९,०००. इथे कागद-पेन्सिल थकते आणि संगणक लागतो.

गट जमवण्याची पद्धत त्याच संशोधनशाळेतील जो वॉर्ड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभी प्रत्येक माणूस हाच एक गट. मग दर पायरीला असे दोन गट एकत्र करायचे, की त्यामुळे होणारे नुकसान सर्वांत कमी असेल. असे करत करत शेवटी सर्वांचा एकच गट उरतो आणि मधल्या पायऱ्यांचे एक झाड तयार होते. कोणत्या पायरीवर थांबायचे हे मात्र माणसाने ठरवायचे असते. जीवशास्त्रापासून बाजारपेठेच्या अभ्यासापर्यंत आज ही पद्धत वापरली जाते.

कोडॅप

या सर्व कृतींसाठी लिहिलेल्या आज्ञावलींच्या संचाला 'कोडॅप' हे नाव मिळाले. १९६७ पासून हवाई दलात अशी सर्वेक्षणे नियमितपणे होऊ लागली आणि पुढे अमेरिकेच्या इतर सेनादलांनीही कोडॅप स्वीकारला. त्यातली 'के-पाथ' नावाची क्रमवारी तर फार सुबक आहे. सर्व माणसांना एका रांगेत अशा रीतीने उभे करायचे, की झाडातला कोणताही गट घेतला तरी त्याचे सभासद रांगेत सलग उभे असतील. मग 'क्रमांक ३१ ते ५८' एवढे म्हटले, की पूर्ण गट हाती येतो.

काय मोजले जात नाही, याचेही भान ठेवावे लागे. आग विझवायला वर्षातून एखादाच तास जात असेल, पण ते काम शिकवायचे नाही असे कोणी म्हणणार नाही. म्हणून काम किती अवघड आहे आणि त्याच्या प्रशिक्षणावर किती भर हवा, हे अनुभवी लोकांना वेगळे विचारले जाई.

आज्ञावली जुनी होते म्हणजे काय?

लोखंड गंजते, लाकडाला वाळवी लागते. आज्ञावलीला यातले काहीच होत नाही. मग ती जुनी कशी होते? तिच्या भोवतीचे जग बदलते म्हणून.

कोडॅप युनिव्हॅक ११०८ या यंत्रावर चाले. सूचना छिद्रपत्रांवर द्याव्या लागत. १९७४ मध्ये त्या संशोधनशाळेने नियंत्रणपत्रे कशी तयार करायची याचे वर्णन छापलेच, शिवाय मूळ आज्ञावल्यांच्या ओळीही अहवालरूपाने प्रसिद्ध केल्या. ही गोष्ट साधी वाटते, पण दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली दुरुस्त करायची झाल्यास ती वाचता आली पाहिजे. ज्याच्या डोक्यात सगळे होते तो माणूस निघून गेला आणि कागद मागे राहिला नाही, तर यंत्र चालू असूनही ज्ञान बंद पडते.

त्या यंत्राचा एक 'शब्द' ३६ बिटांचा. ६ बिटांचे एक अक्षर धरले तर शब्दात ६ अक्षरे मावत, पण एकूण चिन्हे ६४ च. पुढे आस्की ही १२८ चिन्हांची संकेतप्रणाली आली आणि त्याच शब्दात ४ अक्षरे बसू लागली. एका शब्दात ६ अक्षरे असतात असे जिथे गृहीत धरलेले असेल, तिथे हात घालणे भाग पडते. १९८० च्या दशकात 'आस्की कोडॅप' या नावाने हा संच नव्या रूपात आला आणि त्यात विश्लेषणाच्या नव्या सोयीही घातल्या गेल्या.

सुधारणा करताना

देखभालीतला सर्वांत नाजूक धडा मात्र खूप उशिरा मिळाला. 'आर' या सांख्यिकीच्या मुक्त संगणकप्रणालीत वॉर्ड यांच्या नावाची एक सोय होती. तिला अंतरांचे वर्ग पुरवले तरच मूळ निकष पाळला जाई; साधी अंतरे दिली तर गट वेगळे पडू शकत. अनेक वापरणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. फिऑन मर्टा आणि पिएर लेजांद्र यांनी २०१४ मध्ये एका लेखात हा गुंता उलगडून दाखवला. विशेष म्हणजे 'आर'मधील ही गट पाडण्याची सोय मर्टा यांच्याच जुन्या फोर्ट्रान आज्ञावलीवर आधारलेली होती. आपल्याच कामाकडे पुन्हा चिकित्सकपणे पाहण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

मग दुरुस्ती कशी केली? जुनी रीत पुसून टाकली असती, तर आधी प्रसिद्ध झालेले निष्कर्ष कोणालाच पडताळून पाहता आले नसते. तशीच ठेवली असती, तर चूक चालू राहिली असती. म्हणून २०१४ च्या ३.१.० या आवृत्तीत दोन्ही ठेवल्या : जुनीला 'वॉर्ड-डी' असे नवे नाव आणि मूळ निकष पाळणारीला 'वॉर्ड-डी-२'. जुना हिशेब तपासता येतो आणि नवा बरोबर करता येतो.

कामाच्या सर्वेक्षणात याला फार महत्त्व आहे. गट चुकीचे पडले तर चुकीच्या माणसांना चुकीचे प्रशिक्षण मिळते. आणि दहा वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाशी आजच्याची तुलना करायची, तर फरक कामात पडला की आज्ञावलीत, हे सांगता यायला हवे.

शिक्षकमित्रांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. शाळेतील दहा जणांकडून दहा कामांचे अंक नावे न घालता गोळा करा. ४५ जोड्यांची बेरीज नववीच्या मुलांना वाटून द्या आणि झाड काढून फळ्यावर लावा. अंक कसे घेतले, बेरीज कशी केली, हे एका कागदावर लिहून ठेवायला मात्र विसरू नका. पुढच्या वर्षी दुसरी मुले हाच प्रयोग करतील, तेव्हा त्यांना सर्वांत आधी तो कागद लागेल.