देसाईगंजचे ठाणे आणि संमतीचा प्रश्न



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे चांद्याचा परकोट, गोंडराजांच्या समाध्या, मार्कंड्याची देवळे उभी राहतात. त्यांविषयी बोलणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी आज एका पोलीस ठाण्याच्या साध्या इमारतीविषयी बोलणार आहे. हे ठाणे देसाईगंजचे, म्हणजे आपण ज्याला वडसा म्हणतो त्या गावचे. तेथे २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडले, त्यामुळे साऱ्या देशाच्या फौजदारी कायद्याला नवे वळण लागले. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. शिकाऊ फौजदाराला आज स्त्रीच्या फिर्यादीबाबत जे धडे शिकवले जातात, त्यांतील कित्येकांचे मूळ आपल्याच या मुलखात आहे.

या खटल्यातील मुलीचे नाव त्या वेळी सर्वत्र छापले गेले. मी ते घेणार नाही. तिच्या खटल्यानंतर जो कायदा झाला, तोच तसे करण्याला मनाई करतो. इतरांची नावेही मी घेत नाही, कारण मुद्दा व्यक्तींचा नाही.

मुलगी पोरकी होती. ती भावाजवळ राहून मजुरी करी. ज्या बाईच्या घरी ती कामाला जात असे, तिच्या भाच्याशी तिचे मन जुळले आणि दोघांनी लग्नाचे ठरवले. भावाला हे मान्य नव्हते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने ठाण्यात दिली. रात्री नऊच्या सुमारास मुलगी, तो तरुण, ती बाई अशा सर्वांना ठाण्यावर आणण्यात आले. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास तपास करणारा हवालदार, मुलीच्या जन्मतारखेचा उतारा आणा, असे सांगून घरी गेला. मंडळी निघाली, तेव्हा एका शिपायाने मुलीला मागे थांबवले आणि बाकीच्यांना बाहेर जाण्यास सांगितले. थोड्या वेळाने बाहेरच्यांना दिसले की ठाण्यातले दिवे मालवले आहेत आणि दार आतून बंद आहे. त्या बाईने हाका मारल्या. लोक जमले. मुलगी बाहेर आली आणि शिपायाने आपल्यावर बलात्कार केल्याचे तिने सांगितले. ठाण्यातील दुसऱ्या एका हवालदारानेही आपल्याशी अतिप्रसंग केला, असे तिचे म्हणणे होते. गावातल्या डॉक्टरने फिर्याद देण्याचा सल्ला दिला. जमाव खवळला, ठाणे जाळण्याची भाषा होऊ लागली; तेव्हा तपासाच्या हवालदाराला घरून बोलावण्यात आले. त्याने लोकांना शांत करून मुलीची फिर्याद लिहून घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुन्हा घडल्याचे ठिकाण आणि गुन्ह्याचा तपास करण्याचे ठिकाण येथे एकच होते. ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच सहकाऱ्याच्या हातात लेखणी. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला रात्री आठ वाजता. डॉक्टरांनी तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान ठरवले. अंगावर जखम आढळली नाही.

पुढे तीन न्यायालयांनी हा खटला पाहिला. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपींना सोडले. त्यांच्या मते मुलगी खोटे बोलणारी होती. संबंध आला असेल, पण बलात्कार सिद्ध झाला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. मुकाट्याने शरण जाणे ही संमती नव्हे, असे म्हणून खंडपीठाने शिपायाला पाच वर्षांची आणि विनयभंगाबद्दल हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, जवळच असलेल्या आप्तांना तिने हाक मारली नाही, तेव्हा प्रतिकाराची हकीकत खरी नाही. आणि कायद्याला अभिप्रेत असलेली मरणाची वा इजेची भीती सिद्ध झालेली नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. हा निकाल अखेरचा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने ते दोघे निर्दोष आहेत. त्यांच्यावर पुन्हा खटला चालवायला मी येथे उभा नाही. माझा प्रश्न त्या निकालातील विचाराविषयी आहे. ठाण्याच्या बंद दाराआड एका मजूर मुलीचे गप्प राहणे म्हणजे होकार काय?

मी काही वकील नाही. शाळा लवकर सुटली. कायदा वाचला तो कामगारांच्या अर्जफाट्यांपायी. परंतु होकार म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात रोज शिकायला मिळते. तेंदूपत्त्याच्या फळीवर मुन्शी पुडे मोजताना चांगले पुडे खराब म्हणून बाजूला टाकतो. मजूर बाई काही बोलत नाही. पगारपत्रकावर पुऱ्या रकमेचा अंगठा उठतो आणि हातात कमी पैसे पडतात. अंगठा देणारा तेव्हाही बोलत नाही. त्याचा होकार होता असे म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारतो की, नाही म्हटले असते तर उद्या त्याला काम मिळाले असते काय? ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या होय म्हणण्याला मोल किती?

आणि ही गोष्ट आपल्या कायद्याला ठाऊक नव्हती असेही नाही. १८७२ चा पुरावा कायदा पाहा. त्याचे पंचविसावे कलम सांगत असे की, आरोपीने पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. ठाण्यात माणूस मोकळ्या मनाने बोलत नाही, हे इंग्रज सरकारनेही ओळखले होते. देसाईगंजची रात्र बरोबर शंभर वर्षांनंतरची. शंभर वर्षे जो कायदा पोलिसांपुढच्या कबुलीवर विश्वास ठेवीत नव्हता, त्याच कायद्याने एका पोरक्या मुलीचे मौन मात्र ग्राह्य धरले. ही विसंगती ज्यांना खटकली, त्यांनी पुढचा इतिहास घडवला.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, आणि मुलीला ठाण्यावर बोलावणे व थांबवून ठेवणे याबद्दल न्यायालयाने चकार शब्द काढला नाही, हे त्यांनी दाखवून दिले. १९८० च्या मार्चमध्ये मुंबई-दिल्लीसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. विधी आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला आणि १९८३ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. पोलिसाने ठाण्याच्या हद्दीत केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्याला सामान्यतः किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच धरून चालावे, असे ठरले. सुनावणी बंद दालनात व्हावी आणि पीडितेचे नाव छापू नये, हेही तेव्हाच आले. २०१३ साली त्यात भर पडली: केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. नागपूर खंडपीठाने १९७६ साली जे ओळखले, ते कायद्याच्या पुस्तकात यायला सदतीस वर्षे लागली.

आता शिकाऊ अंमलदाराच्या कामाकडे येऊ. १ एप्रिल १९७४ ला अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६० व्या कलमानुसार स्त्रीला साक्षीसाठी तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावता येत नसे. हा नियम जाणूनबुजून मोडणाऱ्या अंमलदाराला कैदेची शिक्षा ठेवली गेली ती मात्र २०१३ साली. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यात हाच नियम १७९ व्या कलमात आहे. बलात्काराची फिर्याद स्त्री अंमलदाराने लिहून घ्यावी. हद्द आपली नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत पीडितेला तिच्या संमतीने डॉक्टरकडे न्यावे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावे, आणि झडती व जप्तीचे चित्रीकरण व्हावे, असेही नवी संहिता सांगते. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करू नये. अपवादाचा प्रसंग आलाच तर स्त्री अंमलदाराने लेखी कारण देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्याच्या दारांवर, कोठड्यांत आणि व्हरांड्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला.

नव्या शिपायाला हे सारे ओझे वाटत असेल. त्याचीही बाजू मला कळते. तो पगारदार माणूस आहे, रात्रपाळ्या करतो, आणि १९६६ च्या कायद्यामुळे सरकारच्या परवानगीवाचून त्याला कामगार संघटनेत जाता येत नाही. परंतु हे नियम त्याच्याही उपयोगाचे आहेत. ज्या ठाण्यात जबाब घरी जाऊन घेतला जातो, वेळ नोंदली जाते, मुद्देमाल पंचांसमोर मोहोरबंद होतो, तेथे प्रामाणिक शिपायावर खोटा आळ टिकत नाही. नियम पाळलेला नसला म्हणजे खऱ्या फिर्यादीचीही माती होते आणि निरपराध्याचीही.

त्या मुलीला या नव्या कायद्याचा काही लाभ झाला नाही, कारण असा कायदा मागे जाऊन लागू होत नाही. लाभ झाला तो पुढच्या मुलींना. आणि त्यासाठी पंडितांच्या पत्राइतकीच दुसरी एक गोष्ट कारणीभूत झाली. ती बाई दिवे मालवलेल्या ठाण्यासमोरून घरी गेली नाही. ती हाका मारीत राहिली, आणि लोक जमले. त्या हाका नसत्या तर फिर्याद झाली नसती. खटला नाही, पत्र नाही, कायदाही नाही. आपल्या वस्तीतील कोणाला रात्री ठाण्यावर बोलावणे आले, तर कलमे पाठ नसली तरी चालतील. सोबत जा, आणि माणूस बाहेर येईपर्यंत तेथून हलू नका.