पिस्तुलाचे मॅगझिन : मूळ व वाढीव
पिस्तुलाच्या मुठीत बसणारी, काडतुसे एकावर एक रचून ठेवण्याची पेटी. नळी, स्प्रिंग, काडतुसे वर सरकविणारा तुकडा आणि तळपट्टी हे तिचे चार भाग. अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कपड्यांआड बाळगायची पिस्तुले लहान असल्याने त्यांत काडतुसे कमी मावतात. म्हणून इतर उत्पादकांचे जोडभाग वापरले जातात. मूळ तळपट्टी काढून तिथे पोकळ, खोल तळ बसविला की काही काडतुसे जास्त मावतात.

अशा वेळी खरा भार स्प्रिंगवर येतो. ती अपुरी पडल्यास स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पुढे येईपर्यंत काडतूस वर पोहोचत नाही व ते अडकते. तसेच शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही. म्हणून अनेक जोडभागांसोबत जादा ताकदीची स्प्रिंग दिली जाते. मूठ लांबल्याने शस्त्र कपड्यांतून उठून दिसते, हाही तोटा.

ग्लॉक ४३एक्स या पिस्तुलाच्या मूळ मॅगझिनमध्ये १० काडतुसे मावतात. शील्ड आर्म्स या कंपनीच्या पोलादी एस१५ मॅगझिनमध्ये तेवढ्याच उंचीत १५ मावतात. मात्र पोलादामुळे मॅगझिन धरून ठेवणारी पिस्तुलाची मूळ प्लास्टिकची खिटी झिजते, म्हणून तीही पोलादी बसवावी लागते. सिग सॉअर पी३६५ या पिस्तुलासाठी १०, १२ व १५ काडतुसांची मॅगझिने कंपनीच पुरविते.

अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात १० हून अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनांच्या नागरी विक्रीवर संघराज्यीय बंदी होती. कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी स्वतःचे निर्बंध घातले आहेत.