यवनिका : न पडणारा पडदा

श्रद्धांजलीच्या लेखात आपण सहज लिहून जातो, ‘त्यांच्या जीवननाट्यावर यवनिका पडली.’ मीही लिहिले आहे. शब्द भारदस्त खरा. पण ज्या रंगभूमीवरून तो घेतला, तिथे यवनिका पडत नसे.

नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचे वर्णन आहे. वाद्ये मांडणे, गायकांनी जागा घेणे, सूर जुळवणे अशी पहिली नऊ अंगे यवनिकेच्या आत होत. मग ती दूर सारली जाई. तिची जागा अभिनवगुप्त सांगतो : पुढचे रंगपीठ आणि मागचे रंगशीर्ष यांच्या मध्ये. म्हणजे हा पडदा प्रेक्षक आणि नट यांच्या आड येत नव्हता, तो नटाच्या पाठीशी होता. अंक संपला की पात्रे सरळ चालत निघून जात. पडद्याचे खरे काम प्रवेशाचे. ‘अपटीक्षेप’ ही रंगसूचना पाहा. पात्र घाईत, रागात किंवा भयात असले की पडदा झटक्यासरशी उडवून येते. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात वसंतोत्सवाला बंदी असताना आंब्याचा मोहोर खुडणाऱ्या दासींवर कंचुकी असाच संतापून येतो. एरवी काठी टेकत चालणारा म्हातारा. पडदा त्याला क्षणभर तरुण करतो!

नावातल्या ‘यवना’वरून मात्र पंडितांत मोठा वाद झाला. १८८२ मध्ये जर्मन विद्वान अर्न्स्ट विंडिश यांनी संस्कृत नाटकावरील ग्रीक प्रभावाच्या बाजूने हा शब्दही पुढे केला. अडचण अशी, की अभिजात ग्रीक रंगभूमी उघड्यावरची. तिला असा पडदाच नव्हता. १८९० मध्ये सिल्व्हाँ लेवी यांनी म्हटले, की नाव कापडाचे असावे, यवनांच्या गलबतांतून येणाऱ्या इराणी विणीचे. मला हे पटते. कालिदास चीनांशुकाचा उल्लेख करतो, म्हणून शाकुंतल कोणी चिनी ठरवत नाही. काहींच्या मते मूळ शब्द ‘जवनिका’. जव म्हणजे वेग. अकालजलद या ‘महाराष्ट्रचूडामणी’चा पणतू राजशेखर, त्याने प्राकृत ‘कर्पूरमंजरी’च्या विभागांना ‘जवनिकांतर’च म्हटले. पण प्राकृतात आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतोच, तेव्हा एवढ्यावरून निवाडा होत नाही.

पडणारा पडदा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात, युरोपीय धर्तीच्या रंगमंचाबरोबर आला. बेळगाव भागातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात शाकुंतल मराठीत उभे केले, ते या नव्या पडद्याच्या काळात. जुने नाव मग त्यालाही चिकटले.