गंधकाचा धूर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मूल स्कार्लेट फीव्हरमधून उठलं, की घराची सफाई सुरू व्हायची. दारं-खिडक्यांच्या फटी कागदाच्या पट्ट्यांनी बंद करायच्या, पाण्याच्या टबात लोखंडी भांडं ठेवून त्यात गंधक जाळायचं आणि खोली तासन्‌तास धुरात कोंडायची. मग भिंती घासायच्या. पुस्तकं, खेळणी अनेकदा थेट आगीत जायची. मार्जरी विल्यम्स यांच्या ‘द व्हेल्वेटीन रॅबिट’ (१९२२) या बालकथेतला कापडी ससा याच कारणाने जाळायला काढतात.

हा वेडेपणा नव्हता. अँटिबायोटिक्स नव्हती, घटसर्पाने घरातली दोन-दोन मुलं जायची. रोग भिंतीत, गादीत दडून बसतो, अशी समजूत होती.

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. चार्ल्स चेपिन यांना याबद्दल शंका आली. घशातला स्राव तपासला की बऱ्या झालेल्या मुलांतच नव्हे, तर ठणठणीत भावंडांतही घटसर्पाचे जंतू सापडत होते. जंतू माणसांसोबत हिंडत असतील, तर धूर देऊन काय साधणार? त्यांनी घटसर्पानंतरची धुरी १९०५ मध्ये आणि स्कार्लेट फीव्हरनंतरची १९०८ मध्ये थांबवली. मग त्याच घरांत पुन्हा रोग येतो का, हे मोजलं. प्रमाण वाढलं नाही. १९१० मध्ये त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. अर्थात हे सगळ्या रोगांना लागू नव्हतं. देवीच्या रोग्याचं अंथरूण खरोखरच धोक्याचं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या कोडमधली एखादी ओळ कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नसतं, तरी ती काढायला कुणी धजावत नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नको.’ आमच्याकडे फार तर सर्व्हर पडतो. चेपिन यांचा अंदाज चुकला असता तर मुलं दगावली असती. म्हणून मला त्यांच्या धाडसाइतकीच त्यांची मोजणी महत्त्वाची वाटते.

आणखी एक गोष्ट मनात येते. घासण्याचं काम बहुतेक आयांच्याच वाट्याला येत असणार. दुसरं मूल आजारी पडलं की कोपरा राहिला म्हणून बोल कुणाला लागत असेल, हे सांगायला नको. चेपिन यांच्या आकड्यांनी त्या दोषातून तिची सुटका केली.

शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे १०,०००त १ हून कमी आहे. दरम्यान बंद खोल्यांतल्या हवेकडे आपलं लक्षच नव्हतं.

घरात कांजिण्या येऊन गेल्या तर चादरी जरूर धुवा, कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळही घाला. पण सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका. आणि त्याचं अस्वल त्याच्याजवळच राहू द्या.